खासगीपणा जपणारी शोधयंत्रे : तुलना, मर्यादा आणि वापराची रीत

आजारपण, कर्ज, घरातील वाद, जमिनीचा हक्क, नोकरीची विवंचना अशा ज्या गोष्टी माणूस शेजाऱ्याला आणि पुष्कळदा घरच्यांनाही सांगत नाही, त्या तो फोनच्या शोधपट्टीत निःसंकोच लिहितो, आणि तेथे लिहिलेला प्रत्येक शब्द दुसऱ्या टोकाच्या कंपनीच्या संगणकापर्यंत पोहोचतो. इंटरनेटवरील पाने धुंडाळून प्रश्नाशी जुळणारी पाने क्रमाने मांडणाऱ्या यंत्रणेला सर्च इंजिन किंवा शोधयंत्र म्हणतात. भारतात हे काम बहुतांशी गूगल या एकाच कंपनीकडे असल्यामुळे अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातला प्रश्न असो की नालासोपाऱ्याच्या इमारतीतला, दोन्हींची नोंद एकाच ठिकाणी जमा होते. ही नोंद कमीत कमी ठेवणारे पर्याय आज उपलब्ध आहेत. ते कसे चालतात, त्यांत फरक कोणता आणि वसई-विरारमधील मराठी वाचकाने त्यांचा उपयोग कसा करावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शोधाची नोंद काय सांगते

शोधयंत्राकडे प्रश्न जातो तेव्हा त्यासोबत आणखी काही माहिती जात असते. प्रश्नाची वेळ, इंटरनेट जोडणीला मिळालेला क्रमांक म्हणजे आयपी पत्ता, फोनचा प्रकार व भाषा, तसेच ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखखूण म्हणजे कुकी ही त्यांतली मुख्य होय. वापरकर्ता खात्यात प्रवेश केलेल्या स्थितीत असेल, तर या साऱ्या गोष्टी त्याच्या नावावर जमा होतात. एकेक प्रश्न सुटा पाहिला तर निरुपद्रवी असतो, पण ते एकत्र आले की त्यांतून माणूस उभा राहतो. एकाच फोनवरून महिनाभरात ‘वसई रोड ते चर्चगेट जलद लोकल’, ‘केळीवरील करपा उपाय’, ‘भुईगाव सातबारा’ आणि ‘गुडघे बदल शस्त्रक्रिया खर्च’ असे चार शोध घेतले गेले, तर त्या फोनधारकाचे गाव, बागायत, प्रवासाची दिशा आणि घरातील दुखणे एवढे सगळे नाव न सांगता कळते. ज्या गावात आडनावावरून घर आणि घरावरून नातीगोती सांगता येतात, तेथे एवढी माहिती व्यक्ती ओळखण्यास पुरेशी होते.

ही भीती काल्पनिक नाही, हे २००६ सालच्या एका घटनेने दाखवून दिले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील एओएल कंपनीने संशोधकांच्या उपयोगासाठी सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांचे तीन महिन्यांतील सुमारे दोन कोटी शोध प्रसिद्ध केले. नावे काढून त्यांच्या जागी क्रमांक घातले असल्यामुळे ओळख पटणार नाही, अशी कंपनीची समजूत होती. परंतु काही दिवसांतच न्यूयॉर्क टाइम्सच्या वार्ताहरांनी त्यांतल्या एका क्रमांकामागील वृद्ध महिलेला केवळ तिच्या शोधांतील गावाच्या आणि आडनावाच्या उल्लेखांवरून शोधून काढले. नाव गाळले म्हणजे ओळख पुसली असे होत नाही, हा या प्रसंगाचा धडा आहे, आणि म्हणूनच नोंद मुळातच न ठेवणे किंवा ती एका व्यक्तीशी जोडली जाणार नाही अशी व्यवस्था करणे हाच खासगीपणा राखण्याचा भरवशाचा मार्ग ठरतो.

निवडीपूर्वी विचारण्याचे तीन प्रश्न

खासगीपणा जपतो असे म्हणणारे शोधयंत्र तपासताना तीन प्रश्न विचारावेत. पहिला प्रश्न सूचीचा. शोधयंत्राचे स्वयंचलित प्रोग्राम अब्जावधी पाने वाचून कोणता शब्द कोणत्या पानावर आहे याची एक प्रचंड सूची तयार करतात आणि तिला इंडेक्स म्हणतात. अशी सूची उभारणे व ताजी ठेवणे अतिशय खर्चिक असल्यामुळे अनेक लहान शोधयंत्रे ती स्वतः न करता गूगलकडून किंवा मायक्रोसॉफ्टच्या बिंगकडून निकाल विकत घेतात. दुसरा प्रश्न पैशाचा. शोध फुकट मिळत असेल तर खर्च जाहिरातीतून निघतो, आणि ती जाहिरात त्या क्षणी विचारलेल्या शब्दांवरून दाखवली जाते की वापरकर्त्याच्या साठवलेल्या इतिहासावरून, यात खासगीपणाच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. तिसरा प्रश्न नोंदीचा, म्हणजे आयपी पत्ता आणि शोधशब्द यांची जोडी साठवली जाते का, किती काळ, आणि कंपनी कोणत्या देशाच्या कायद्याखाली आहे, हा होय.

प्रमुख पर्यायांची तुलना

डकडकगो हे २००८ साली गेब्रियल वाइनबर्ग यांनी अमेरिकेत सुरू केलेले शोधयंत्र या वर्गात सर्वांत परिचित आहे. त्याचे बरेचसे निकाल बिंगकडून येतात. शोधांचा वैयक्तिक इतिहास साठवला जात नाही आणि जाहिरात त्या वेळच्या शब्दांवरूनच दिली जाते, असे त्याचे धोरण आहे. उद्गारचिन्हापुढे संक्षेप लिहून थेट दुसऱ्या संकेतस्थळावर शोध घेण्याची ‘बँग’ नावाची सोय त्यात असून निकालांसाठी भारत हा प्रदेशही निवडता येतो. मात्र कंपनीच्या स्वतःच्या ब्राउझरमध्ये मायक्रोसॉफ्टच्या काही ट्रॅकरना, म्हणजे इतर संकेतस्थळांवर माग ठेवणाऱ्या तुकड्यांना, सूट दिली जात असल्याचे मे २०२२ मध्ये उघड झाले आणि टीकेनंतर त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ती बरीचशी बंद करण्यात आली. आश्वासनाची बाहेरच्या जाणकारांकडून तपासणी होत राहणे किती गरजेचे आहे, हे त्यावरून समजते.

ब्रेव्ह सर्चचे वैशिष्ट्य त्याच्या स्वतंत्र सूचीत आहे. जर्मनीतील क्लिक्झ या कंपनीच्या शोधयंत्रावर काम केलेल्या चमूने विकसित केलेले टेलकॅट हे यंत्र मार्च २०२१ मध्ये ब्रेव्हने घेतले, जून २०२१ मध्ये त्याची चाचणी आवृत्ती खुली केली आणि २०२३ मध्ये बिंगवरील अवलंबित्व संपवल्याचे जाहीर केले. स्वतःची सूची असल्याचा लाभ कोणता, हे २३ मे २०२४ रोजी स्पष्ट झाले. त्या दिवशी बिंगमध्ये बिघाड होताच त्याच्यावर विसंबलेली डकडकगो आणि इकोझिया ही शोधयंत्रेही काही तास कोलमडली. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने लहान कंपन्यांना निकाल पुरवणारी बिंगची खुली सेवा बंद केली, तेव्हा उसन्या सूचीवर उभ्या असलेल्या छोट्या सेवांपुढील अडचण आणखी वाढली.

स्टार्टपेज हे नेदरलँड्समधील शोधयंत्र मध्यस्थाचे काम करते. वापरकर्त्याचा प्रश्न ते स्वतःकडे घेते, त्यावरील आयपी पत्ता व इतर ओळखखुणा काढून टाकते आणि मुख्यतः गूगलकडून आणलेले निकाल परत देते. निकालाचे पान त्याच्याच संगणकामार्फत उघडण्याची सोय असल्यामुळे त्या संकेतस्थळालाही पाहणाऱ्याचा पत्ता कळत नाही. युरोपीय संघाचा २०१८ पासून लागू झालेला कडक माहिती-संरक्षण कायदा त्याला बंधनकारक आहे, ही त्याची जमेची बाजू होय. २०१९ मध्ये मात्र सिस्टिम१ या जाहिरात-व्यवसायातील कंपनीशी संबंधित गटाची त्यात गुंतवणूक झाल्याचे समोर आल्यावर जाणकारांनी प्रश्न उपस्थित केले होते, आणि वापरकर्त्याने ही गोष्ट जाणून घेऊनच निवड करावी.

मोजीक हे २००४ पासून ब्रिटनमध्ये उभे राहिलेले शोधयंत्र संपूर्णपणे स्वतःच्या सूचीवर चालते आणि वापरकर्त्याचा माग न ठेवण्याचे धोरण त्याने फार आधी स्वीकारले. त्याची सूची मोठ्या कंपन्यांच्या तुलनेत लहान असल्यामुळे रोजच्या मराठी कामासाठी ते एकटे पुरे पडत नाही, पण एखाद्या विषयावर मुख्य शोधयंत्रांत मागे पडलेली पाने पाहायची असतील तेव्हा ते उपयोगी ठरते. कागी हे २०२२ मध्ये खुले झालेले अमेरिकी शोधयंत्र जाहिरातीऐवजी मासिक वर्गणीवर चालते. जाहिरातदाराचा दबाव त्यात उरत नाही, मात्र वर्गणी भरण्यासाठी खाते लागते आणि त्यामुळे शोध व ओळख जोडली जाण्याची शंका निर्माण होते. तिच्यावर उपाय म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीने ‘प्रायव्हसी पास’ ही व्यवस्था आणली, ज्यात वर्गणीदार असल्याचे सिद्ध होते पण नेमका कोणता वर्गणीदार हे कळत नाही.

सर्क्सएनजी हा वेगळाच प्रकार आहे. ते मुक्त सॉफ्टवेअर असून कोणीही आपल्या संगणकावर चालवू शकतो, आणि ते एकाच वेळी अनेक शोधयंत्रांकडून निकाल गोळा करून दाखवते. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ते स्वतः उभारून शिकण्याजोगे आहे. अनोळखी स्वयंसेवकाने चालवलेली त्याची प्रत वापरताना मात्र सारा विश्वास त्या चालकावर टाकावा लागतो, हे विसरू नये.

मराठी आणि स्थानिक शोधाची कसोटी

खासगीपणा जपणाऱ्या शोधयंत्राला वापरकर्ता कुठे राहतो आणि काल त्याने काय विचारले हे ठाऊक नसते, त्यामुळे ‘जवळचा दवाखाना’ असा प्रश्न तेथे निष्फळ ठरतो. ठिकाण प्रश्नातच लिहिण्याची सवय लावून घेणे हा त्यावरचा उपाय आहे. ‘नायगाव’ हे एक नाव पुरेसे बोलके आहे. वसई तालुक्यात नायगाव आहे, मुंबईत दादरजवळ नायगाव आहे, सातारा जिल्ह्यात सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव नायगाव आहे आणि नांदेड जिल्ह्यात त्याच नावाचा तालुका आहे. गूगल फोनचे ठिकाण पाहून यांतला एक पर्याय स्वतःच निवडते, तर खासगी शोधयंत्राला ‘नायगाव पूर्व वसई’ असे सांगावे लागते. दोन शब्द जास्त लिहिण्याचा हा त्रास म्हणजे आपले ठिकाण सतत उघडे न ठेवण्याची किंमत आहे.

वसई-विरार भागाची प्रशासकीय ओळख गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलली असल्यामुळेही शोधात गोंधळ होतो. नवघर-माणिकपूर, वसई, नालासोपारा आणि विरार या नगरपरिषदा व आसपासची गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी महानगरपालिका झाली, पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला आणि मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाचे काम १ ऑक्टोबर २०२० पासून सुरू झाले. जुन्या पानांवर वसईचा जिल्हा ठाणे असाच आढळतो. त्यामुळे जुने दस्तऐवज शोधताना ‘ठाणे जिल्हा’ आणि चालू कार्यालयांचे पत्ते शोधताना ‘पालघर जिल्हा’ असे लिहिल्यास निकाल नेमके येतात. इतिहासाच्या अभ्यासकाने ‘वसई’बरोबर ‘बसीन’ हे इंग्रजी अमदानीतले रूपही वापरावे, मात्र म्यानमारमधील एका शहराचेही तेच जुने नाव असल्यामुळे सोबत ‘मुंबई’ किंवा ‘ठाणे’ हा शब्द जोडावा. त्याचप्रमाणे १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी उत्खनन केलेल्या स्तूपाची माहिती ‘सोपारा’, ‘नालासोपारा’ आणि ‘शूर्पारक’ या तिन्ही शब्दांनी शोधून पाहावी.

मराठीतील विभक्तिप्रत्यय हीदेखील एक अडचण आहे. ‘किल्ला’ आणि ‘किल्ल्याच्या’ ही एकाच शब्दाची रूपे असल्याचे प्रत्येक शोधयंत्राला नीट उमगेलच असे नाही, आणि लहान सूचीत तर मराठी पानेच कमी असतात. म्हणून ‘वसईच्या किल्ल्याचा इतिहास’ याऐवजी ‘वसई किल्ला इतिहास’ अशी मूळ रूपे लिहावीत, नेमका शब्दसमूह हवा असेल तर तो अवतरणचिन्हांत घालावा आणि देवनागरीत समाधान झाले नाही तर तोच शोध रोमन लिपीत करून पाहावा. नवे शोधयंत्र कायमचे स्वीकारण्यापूर्वी एक स्थानिक कार्यालय, एक ऐतिहासिक विषय, एक आरोग्यविषयक प्रश्न आणि एक ताजी बातमी असे चार शोध दोन-तीन शोधयंत्रांत घेऊन तुलना करावी. आपल्या गरजांना कोणते पुरे पडते, हे कोणत्याही शिफारशीपेक्षा अशा तुलनेतून अधिक चांगले कळते.

या शोधयंत्रांनी काय झाकले जात नाही

शोधयंत्र बदलल्याने सर्व मागोवा थांबतो, हा गैरसमज टाळणे अत्यंत आवश्यक आहे. निकालावर बोट ठेवून जे संकेतस्थळ उघडले जाते ते स्वतःचे ट्रॅकर चालवू शकते. सुरक्षित जोडणीमुळे इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीला शोधलेले शब्द दिसत नसले, तरी कोणते संकेतस्थळ उघडले हे सामान्यतः कळते. फोनमधील ब्राउझरचा इतिहास फोनमध्येच राहतो, त्यामुळे एकाच फोनवर घरातील तीन-चार माणसे असतील तर एकाचा आरोग्यविषयक शोध दुसऱ्याच्या नजरेस पडू शकतो. येथे ब्राउझरची गुप्त खिडकी उपयोगी पडते, पण तिचा उपयोग तेवढ्यापुरताच आहे. गुप्त खिडकीतील वावराचीही माहिती गोळा होत असल्याच्या आरोपावरून २०२० मध्ये अमेरिकेत गूगलविरुद्ध दाखल झालेल्या खटल्यात २०२४ मध्ये तडजोड झाली आणि अशा अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे कंपनीने मान्य केले.

व्हीपीएन, म्हणजे सारी वाहतूक दुसऱ्या संगणकामार्फत नेणारी सेवा, वापरल्याने इंटरनेट कंपनीवरील विश्वास व्हीपीएन कंपनीवर जातो एवढेच. एप्रिल २०२२ च्या सरकारी निर्देशानुसार भारतात अशा सेवांना ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपावी लागते, हेही ध्यानात घ्यावे. फसवणुकीपासून तर कोणतेही शोधयंत्र आपोआप वाचवत नाही. बँकेचा किंवा कुरिअरचा ग्राहकसेवा क्रमांक शोधयंत्रात शोधल्यास भामट्यांनी पेरलेला क्रमांक वर येऊ शकतो, म्हणून असा क्रमांक पासबुकावरून, कार्डाच्या मागच्या बाजूवरून किंवा अधिकृत अ‍ॅपमधूनच घ्यावा. आर्थिक फसवणूक झालीच तर विलंब न करता १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर कळवावे.

फोनवर करावयाचे बदल

अँड्रॉइड फोनवरील क्रोम ब्राउझरमध्ये वरच्या कोपऱ्यातील तीन ठिपके, त्यातील सेटिंग्ज आणि मग सर्च इंजिन या क्रमाने गेल्यास निवडीची यादी दिसते. हवे असलेले शोधयंत्र यादीत नसेल तर त्याच्या संकेतस्थळावर जाऊन एखादा शोध घ्यावा, म्हणजे ते अलीकडे भेट दिलेल्यांच्या यादीत येते. फायरफॉक्समध्ये सेटिंग्जमधील सर्च या विभागात, तर आयफोनवर सफारीच्या सेटिंग्जमध्ये ही निवड करता येते. फोनच्या मुख्य पडद्यावरील शोधपट्टी आणि बोलून शोधण्याची सोय ब्राउझरच्या निवडीने बदलेलच असे नसल्यामुळे ती पट्टी काढून नव्या शोधयंत्राची पट्टी तेथे ठेवावी. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी अँड्रॉइडसंबंधीच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावून काही निर्देश दिले, आणि त्यानंतर नवा फोन सुरू करताना भारतीय ग्राहकाला शोधयंत्र निवडण्याचा पडदा दाखवला जाईल असे कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केले. नवा फोन घेताना दुकानदाराने घाईघाईने सर्व ठिकाणी ‘पुढे’ दाबून तो सुरू करून दिला, तर हा हक्क ग्राहकाच्या नकळत निघून जातो. म्हणून फोनची पहिली मांडणी घरी येऊन सावकाश करावी.

गूगल पूर्णपणे सोडणे शक्य नसेल तरी जुनी नोंद कमी करता येते. खात्याच्या ‘वेब आणि अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी’ या विभागात साठवणूक बंद करण्याची, तसेच तीन, अठरा किंवा छत्तीस महिन्यांनंतर नोंद आपोआप पुसण्याची सोय असून बहुतेक वाचकांनी निदान तीन महिन्यांनंतर पुसण्याचा पर्याय तरी निवडावा. झेरॉक्सच्या किंवा ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात शोध घ्यावा लागला, तर स्वतःच्या खात्यात प्रवेश न करता गुप्त खिडकी उघडावी, उतरवून घेतलेल्या फाइली काम झाल्यावर पुसाव्यात आणि खिडकी बंद झाल्याची खात्री करूनच उठावे.

कायद्याचा आधार

खासगीपणा हा भारतात मूलभूत हक्क आहे. के. एस. पुट्टस्वामी खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचा एकमताने निर्वाळा दिला. त्यानंतर आलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये संमती, माहितीची दुरुस्ती आणि ती पुसून घेणे यांचे हक्क दिले आहेत, आणि अठरा वर्षांखालील मुलांचा माग ठेवण्यास व त्यांना उद्देशून जाहिराती दाखवण्यास मनाई केली आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार आहे. मात्र कायद्याचे संरक्षण माहिती गोळा झाल्यानंतर कामी येते, तर शोधयंत्राची निवड ती गोळा होण्याआधीच परिणाम करते, म्हणून दोन्हींची गरज आहे.

कामांची वाटणी

या साऱ्या विवेचनाचा व्यवहारातील अर्थ असा की सर्व प्रश्न एकाच दारात नेऊ नयेत. रोजच्या वापरासाठी ब्राउझरमध्ये डकडकगो किंवा ब्रेव्ह सर्च यांपैकी एक कायम ठेवावे. आजार, कर्ज, वारसा, घटस्फोट, मानसिक ताण यांसारखे प्रश्न कटाक्षाने तेथेच विचारावेत, आणि तेच प्रश्न एआय चॅटमध्ये नाव-गावासह तपशिलाने लिहिण्याचा मोह टाळावा. मराठी किंवा स्थानिक माहिती त्यांत मिळाली नाही तर तोच शोध स्टार्टपेजवर घ्यावा, कारण तेथे गूगलची सूची मिळते पण गूगलला शोधणारा कळत नाही. रस्ता, नकाशा आणि वाहतुकीची कोंडी यांसाठी ठिकाण सांगणे अटळ असल्यामुळे गूगल वापरण्यास हरकत नाही, परंतु त्याला ठिकाणाची परवानगी केवळ अ‍ॅप वापरात असतानाच द्यावी. सातबारा, मालमत्ता कर, दाखले अशा सरकारी कामांसाठी अधिकृत संकेतस्थळाची खूण एकदाच ब्राउझरमध्ये जतन करावी, म्हणजे प्रत्येक वेळी शोध घेण्याची आणि बनावट पानावर जाण्याची वेळ येत नाही. दुसरे शोधयंत्र हाताशी असणेही आवश्यक आहे, कारण जुलै २०२० मध्ये भारतातील काही इंटरनेट सेवांवर डकडकगो काही दिवस उघडत नव्हते आणि अशी खंडितता पुन्हा उद्भवू शकते.

या वाटणीची सुरुवात घरातील सर्वांत जास्त जणांच्या वापरातील फोनपासून करणे योग्य ठरेल. ज्येष्ठांच्या आणि मुलांच्या फोनवरील निवड बदलताना ती परस्पर न बदलता त्यांना कारण समजावून सांगावे आणि त्यांची संमती घ्यावी, कारण दुसऱ्याचा खासगीपणा जपण्याचे काम त्याला विश्वासात घेतल्याशिवाय सुरू होऊ शकत नाही. अडचणीत सापडलेल्या माणसाला उत्तर शोधण्याचा जेवढा हक्क आहे, तेवढाच आपली अडचण कोणाला कळावी हे ठरवण्याचाही आहे, आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये काही मिनिटे घालवून हा दुसरा हक्क बऱ्याच अंशी स्वतःकडे परत घेता येतो.